तीन सतरंज्या

१६ जून २०२३
आमच्या पॉडकास्टचा, 'सतरंजीवरून'चा, पहिला भाग आज झाला. राजकारणाचा इतिहास, पण स्टेजवरून नाही, सतरंज्या घालणाऱ्यांच्या बाजूने. कल्पना नंदूची, विषय त्याचेच वडील. अण्णांनी परभणीकडे जन्मभर पक्षाच्या सभांच्या सतरंज्या अंथरल्या आणि उचलल्या. पक्ष वर गेला, अण्णा सतरंजीवरच.
रेकॉर्डिंग आमच्या बेडरूममध्ये, एसी बंद करून, कारण घरघर येते. इथे आखातात, अझीझियात, जूनमध्ये एसी बंद म्हणजे कोणी लांबण लावू शकत नाही. नंदू घामाघूम, त्याचा मित्र किशोर बनियनवर, मी हेडफोन लावून एडिटर. नंदू म्हणाला, "माणसं कमी आली की अण्णा सतरंज्याही कमी घालायचे. तीनच घातल्या की मैदान भरलेलं दिसायचं." किशोर इतका हसला की माइक पडला. हसू ठेवलं. मस्त झालाय.

२ जुलै
परभणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर भाग फिरतोय. नंदू हवेत. अण्णांना फोन केला. "ऐकला. आवाज चांगला येतोय." बस, एवढंच.

९ फेब्रुवारी २०२४
सीझन दोन. श्रोते वाढले, तसे सल्ले देणारेही. आमच्या भागांत निवडणुकीला कोणी आता 'पडत' नाही, 'पराभव पत्करतो'. किशोरचे विनोद कापायचं काम माझ्याकडे, नंदू शेजारी बसून बोट दाखवतो. हसू काढलं की उरलेलं वाक्य केविलवाणं वाटतं. सांगितलं. "लोक सीरियसली घ्यायला लागलेत, मंजू." बरं.

१८ ऑक्टोबर
किशोर मस्कतला गेला, बदली. निघताना नंदूला म्हणाला, "खलास. आता तू भाषण सुरू कर." सगळे हसले. नंदू नाही.

७ नोव्हेंबर २०२५
सीझन तीन. भाड्याचा स्टुडिओ. तिथे एसीचा आवाज येत नाही, त्यामुळे नंदूला घाईच नाही. एकेक शब्द ठेवतो आणि थांबतो. मागे तुतारी. इरा गाडीत ऐकून म्हणाली, "बाबा साउंड्स लाइक अ सिमेंट अ‍ॅड." पोरगी माझीच.

२१ नोव्हेंबर
अण्णा आलेत, दीड महिन्यासाठी. नंदूने त्यांच्यावरचा भाग नव्याने केला. त्यात मैदान 'तुडुंब', अण्णा 'विजयाचे शिल्पकार'. आणि जुना भाग काढून टाक म्हणतो, आता शोभत नाही. पासवर्ड माझ्याकडे. मी चिडले. आमचा सगळ्यात खरा भाग तोच. "आधी अण्णांना विचार," म्हटलं. तो विचारेना.

२३ नोव्हेंबर
शेवटी मीच विचारलं. अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले, "काढा की. गावात पोरंसोरं मला तीन सतरंज्या म्हनायलेत. दोन वर्सं झाली."
कधी बोलले नाहीत. माझा मुद्दाच संपला, वाईट वाटलं ते वेगळं.
नवा आवडला का? "झकास हाय. पन तुडुंब कवा भरलं व्हतं, मलाच आठवंना."
जुना अजून काढलेला नाही. का ते…

५ डिसेंबर
समुद्राकाठी समैस्माला ओळखीच्यांच्या व्हिलात शेवटचा भाग, लोकांसमोर. 'फील' यावा म्हणून नंदूने थेट सोलापूरहून सतरंज्या मागवलेल्या. लॉनभर घातल्या. नेमकी आज मॅच. 'इन्शाल्ला येतो' म्हणणारे कोणीच आले नाहीत. आले ते पांगून बसले, प्रत्येकाला कडेचीच जागा हवी. मधे नुसते पट्टे.
नंदूने त्याच आवाजात सुरू केलं. "मैदान तुडुंब…" पुढे बसलेले अण्णा उठले, मागे गेले आणि शेवटची सतरंजी गुंडाळू लागले. "ताई, जरा फुडं सरका. भाऊ, तुमी बी." मग दुसरी. मग पुढची. लोक हसत सरकले, खेटून बसले. तीन राहिल्या. लॉन भरलं.
नंदू माइक धरून बघत होता. वाक्य तिथेच राहिलं. मग घसा खाकरून पुढच्या परिच्छेदावर गेला.
येताना गाडीत म्हणाला, "अण्णा, तिथं तरी कशाला उचलायच्या? लोकांना फसवायची काय गरज होती?"
"लोकांला कोन फसवतंय? त्येंला दिसतंच की." मग म्हणाले, "बोलनाऱ्याला मोकळी सतरंजी दिसू नये, बाबा. आवाज पडतो त्याचा."
मला रडू आलं. खिडकीकडे तोंड केलं. नंदू सिग्नल हिरवा झाला तरी थांबलेला, मागच्याने हॉर्न दिला.

६ डिसेंबर
सकाळपासून बेडरूममध्ये एडिटिंग. नंदूचं 'तुडुंब', मग नंदू गप्प, आणि मागे अण्णांचं 'सरका' अगदी स्पष्ट. सतरंजी झटकल्याचा आवाजसुद्धा आलाय. कापलं तर कोणाला कळणारही नाही. दोनदा कापलं, दोनदा परत लावलं.
बाहेर अण्णा इराला सतरंजीची घडी शिकवतायत. ती इंग्रजीत भांडतेय, ते मराठीत.
नंदू दारात आला. "ते काढलंस का?"
"कुठलं? कालचं, का जुनं?"
तो उभाच राहिला. मग आत आला, दार लोटलं आणि एसी बंद केला.