पन्नास मिनिटांवरचे सासर

३ जून
क्षमस्व! निबंधात नेहमी पहिली आले, म्हणून स्वतःविषयी लिहिण्याचा अधिकार मिळत नाही, हे जाणते. पण दिवसभर जे लिहिते त्याला लेखन म्हणवत नाही. प्रवासाच्या एका संकेतस्थळासाठी दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ लिहिते. विमानात मात्र अजून पाऊल ठेवलेले नाही.

४ जून
आजच्या जोडीतला एक विमानतळ आमच्याच शहराचा, दुसरा पार डोंगरापलीकडचा. सरळ रेषेत पाचशे दहा किलोमीटर. वेगाने भागले, चढण्याउतरण्याची दहा मिनिटे मिळवली — पन्नास मिनिटे! धीर करून संपादकांना विचारले, "सर, तिथे विमान जातं का?"
"अंतर आहे ना? मग वेळही आहे. लिही."
लिहिले.

११ जून
स्थळ आले आहे. मुलगा गुरांचा डॉक्टर. गाव नेमके तेच, डोंगरापलीकडचे. आईने हात वर केले. "एवढ्या लांब? ही आजारी पडली तर मी पोचायची कधी?"
बाबांनी मोबाईल पुढे धरला. "अगं, पन्नास मिनिटं! भाजी आणायला तुला याहून जास्त लागतात." आणि मोठ्याने वाचले — 'सुखद व वेगवान प्रवास'. 'सुखद' माझाच! मी चहा ठेवायला उठले.

१४ जून
पाहुणे आले. तो माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडेच बघत होता. बाबांनी त्यालाही मोबाईलवरचे ते पान दाखवले.
"विमान?" तो म्हणाला.
त्याची आई घाईघाईने, "हो हो, विमानतळ आहे आमच्याकडे. चांगला मोठा!" त्याने मान खाली घातली.
"लाजला गं बाई," आत्या.
मला तो आवडला. पंचाईत तीच!

१५ जून
आईने छोटी बॅग आणली. "विमानात एवढी चालते ना गं? दर महिन्याला येईन."

१८ जून
वाचकांच्या तक्रारी माझ्याकडेच येतात. आजची: 'आपली पन्नास मिनिटे कोणत्या विमानाची? आमच्या धावपट्टीवर लोक गाडी शिकतात. परवा तिथेच मी एक गाय सोडवली. एका घरी हे पान मला दाखवले गेले आणि मी गप्प बसलो. त्यांना खरे सांगणार आहे, मग जमलेले मोडले तरी चालेल. त्याआधी चूक आपली की अज्ञान माझे, एवढे कळवावे.'
शुद्धलेखनाची एकही चूक नाही!
सर म्हणाले, "उत्तर देऊ नकोस. या आठवड्यात सगळ्यांत जास्त उघडलं गेलेलं पान आहे ते."
असणारच. बाबा सगळ्या नातेवाइकांना पाठवत सुटले आहेत.

१९ जून
सकाळी आईला सगळे सांगितले. विमान नाही. बसने चौदा तास. पानही माझेच, आणि काल तक्रार करून विचारणारा तोच.
तिने छोटी बॅग पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "स्वतःहून विचारलंन?" आणि थोड्या वेळाने, "मग बॅग मोठी लागेल."

उत्तर लिहिले: 'चूक आमची. विमान नाही, बसने चौदा तास. त्या घरी हे आजच कळले आहे, कारण ते पान लिहिणारी त्याच घरात राहते. कपाट आपण पाहिलेच आहे. तिची हरकत नाही.'
पाठवले — शुक्रवार, १९ जून, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे.