शाळेची दक्षिण, घरची दक्षिण

फुलसावंगीपासून दोन कोसांवरून,
ता. २१ ऑगस्ट १९६२

ती. बाबारावमामांना सदाशिवचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. मामींचा खोकला यवतमाळच्या पावसाने वाढला नसेल अशी आशा आहे. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि त्याचीही लाजच वाटते. माणूस असा वागल्यावर त्याला निदान दोन दिवस ताप तरी यायला हवा होता.

बदली होऊन इथे आलो तेव्हापासून माझ्या वर्गात मागच्या ओळीत तीन मुले आहेत: खेमसिंग, पंचफुला आणि तांड्यावरच्या भावसिंगची मुलगी धनी. वये तेरा-चौदा, पण तिघेही बुद्धीने मंद, अक्षरओळख नाही. मुख्याध्यापक म्हणाले, यांना नुसते बसवून ठेवा. पण माझा उत्साह तुम्ही जाणताच (तुम्ही तो कौतुकाने जाणत नाही, हे मीही जाणतो). मी ठरवले, यांना रोजच्या कामाचा भूगोल शिकवायचा: दिशा, वाटेवरच्या खुणा, बाजारातून घरी कसे यायचे. भावसिंगने तर हातच जोडले. म्हणाला, "गुरुजी, माही धनी बाजारातून येकटी घरी आली तरी लय झालं. आमी काय जन्मभर पुरनार हावो का तिले?"

दिशा शिकवायच्या तर आधी त्या भिंतींवर लिहाव्यात, असा विचार केला. नेमकी आठ दिवस पावसाची झड लागलेली, सूर्याचा पत्ता नाही. (गावात कोणालाही विचारता आले असते. पण मास्तरच पूर्व कुठे म्हणून विचारत हिंडला तर मग राहिले काय?) मारुती दक्षिणेकडे तोंड करून असतो, हे लहानपणापासून ऐकलेले. पारावरच्या मारुतीला नमस्कार केला, त्याचे तोंड ती दक्षिण असे धरले, आणि शाळेत येऊन गेरूने चार भिंतींवर चार दिशा ठसठशीत लिहून काढल्या.

वाचता येणारी मुले भिंती पाहून धडाधड हात करू लागली, खेमसिंग आणि पंचफुला त्यांचे बघून. एकटी धनी अडली. दक्षिण कुठे म्हणून विचारले की ती सरळ जमिनीवर आडवी व्हायची आणि डोक्यामागे, म्हणजे 'पश्चिम' लिहिलेल्या भिंतीकडे बोट करायची. वर्ग खो खो हसायचा. मला वाटले, पोर माझी थट्टा करते. चौथ्या दिवशी मी तिच्या तळहातावर दोन छड्या मारल्या. तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून तिला घरी बसवले आणि तुमच्या शिक्षणखात्याच्या कचेरीला अर्ज धाडला, की "सदर विद्यार्थिनीस दिशाज्ञान होणे अशक्य, तरी नाव कमी करण्यास परवानगी मिळावी." शेवटी 'कळावे' लिहून खाली लफ्फेदार सही ठोकली.

काल झड उघडली आणि सूर्य 'दक्षिण' भिंतीच्या खिडकीतून वर्गात आला. मी खडू धरून उभाच. धावत जाऊन पुजाऱ्याला गाठले, तर कळले की जुने देऊळ पडल्यावर गावकऱ्यांनी नवे बांधताना देवाचे तोंड रस्त्याकडे, म्हणजे पूर्वेला केले आहे. परत येऊन वर्गातल्या हुशार शंकरसिंगला विचारले, अरे, तुम्हाला हे ठाऊक नव्हते? तो शांतपणे म्हणाला, "ठाऊक होतं ना गुरुजी. घरची दक्षिण तिकडं हाय, शाळेची दक्षिण इकडं हाय." चाळीस पोरांनी माझा मान राखायला एक वेगळी दक्षिण पाठ केली होती. धनीला भिंतीवरचे वाचता येत नव्हते, म्हणून तिची दक्षिण जागच्या जागी राहिली.

संध्याकाळी तांड्यावर गेलो. धनीची आई हंसाबाई म्हणाली, "दक्षिणेले पाय करून निजू नाई, डोकं करा, असं तिले रोज सांगा लागते. तेच तिनं धरलं असन." म्हणजे पोर रोज माझ्यासमोर निजून खरे तेच दाखवत होती आणि मी छडी शोधत होतो. क्षमा मागायला तोंड उघडले, तेवढ्यात धनीने मला पाहिले आणि आपणहून तळहात पुढे केला. मामा, मला रडू आले. उद्यापासून शाळेत ये, एवढेच म्हणालो आणि निघालो.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद (माझे चालत असतील तर).

आपला, लायकीपेक्षा जास्त शिकलेला भाचा,
सदाशिव

ता. क. तो अर्ज तुमच्या टेबलावरूनच साहेबांकडे जाणार. तेवढा सहीच्या गठ्ठ्यातून काढून ठेवा. पत्र यासाठीच लिहिले. मामींचा खोकला मनापासून विचारला असला तरी.

ता. क. २. एक सांगायचे टाळले होते. भिंती अजून तशाच आहेत. शुक्रवारी तुमचे साहेब तपासणीला येतात, मुलांचे पाठ झालेले आहे, तर साहेब जाईपर्यंत खिडकी लावून घ्यावी असे मीच ठरवले. आणि धनी त्यांच्यापुढे खरी दक्षिण दाखवील, म्हणून शुक्रवार होईपर्यंत तिला पाठवू नका, असा निरोपही आज सकाळी भावसिंगकडे धाडला.

ता. क. ३. निरोप घेऊन गेलेला माणूस आत्ताच परत आला. भावसिंग म्हणतो, "गुरुजी सोता बलावाले आले तवापासून तिनं कपडे धुऊन ठेवले. आता कायले थांबते ते? येकटीच येईन म्हन्ते." मी बादलीत चुना भिजत घातला आहे. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेले नाही. मामा, अर्ज तेवढा काढाच.