फुगलेल्या बॅटरीची पुडी

मांजर्ली, मंगळवार, संध्याकाळ

अजून मन थाऱ्यावर नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची फुगलेली बॅटरी सकाळी पुडीत बांधून कचऱ्यात टाकली. कॅमेऱ्यातलं कार्ड मात्र आठवणीने काढून कपाटात ठेवलं, त्यात मुलीचं लग्न आहे. घंटागाडी गेल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, अशी बॅटरी दाबली तर पेटते." घंटागाडीवरची मंदाबाई तर कचरा हातानेच निवडते. जेवण गेलं नाही.

दुपारी मंदाबाई तीच पुडी घेऊन दारात. किराणा दुकानात जन्म गेला माझा, माझी दोऱ्याची गाठ ती ओळखते. सणाला तिला फरसाण अशाच पुडीत देतो ना.

"आजोबा, म्हटलं फरसाण दिलंय. चांगली दाबून बघितली. उघडते तर ही बया."

ती हसली. मला हसता आलं नाही.

सूनबाईने बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वाळूच्या डब्यात ठेवली. कॅम्प चारच्या केंद्रावर जुन्या बॅटऱ्या जमा करतात, उद्या देऊन येईन. कार्ड जपायचं सुचलं, मंदाबाईचे हात का नाही सुचले?

डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, बॅटरी आहे, उघडू नये. सवयीने दोरा हातात घेतला होता. परत ठेवला.