बिल्ल्याची पाठ

प्रिय झेनेक,

तू चौकटीसकट नेलेला बाबांचा वैमानिकाचा बिल्ला, तो चांदीचा गरुड, परत पोचला. असा लख्ख करून पाठवलास की पाहताक्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली. तू मुरलेला संग्राहक. जुन्या चांदीवरचा काळपटपणा घासून काढणाऱ्याला तू आजवर भर बाजारात गाढव म्हणत आलास, आणि घरच्याच गरुडाला घासताना तुझा हात थांबला नाही? आईच्या नव्वदीसाठी केलं, असं म्हणालास. मी हो म्हटलं, पण ते तोंडदेखलं.

वॉर्साच्या जुन्या वस्तूंच्या रविवारच्या बाजारात तुझ्यामागे थर्मास घेऊन मी काय उगाच हिंडले? बिल्ला चौकटीतून काढला, भिंग घेतलं आणि तू शिकवलंस तसंच एकेक पाहिलं. ओतीव नकलेत पिसांच्या कडा बोथट होतात, इथे त्या बोटाला लागत होत्या. कोटाला घासून एक पंख गुळगुळीत झालेला होता. मागचा स्क्रूही जुन्या हातचा. आणि पाठीवर नंबर, तुझ्या भाषेत वैमानिकाचं बारशाचं नाव. म्हणजे गरुड अगदी अस्सल, युद्धातला. पण तो नंबर पाहून मी भिंग खाली ठेवलं. कारण हा अस्सल असला तरी बाबांचा नव्हता.

खोटं सांगत नाही, आठवडाभर मी तुला चोर म्हणत होते. उडत्या पाखराची पिसं मोजणारा माझा भाऊ, त्याने सख्ख्या बापाचा बिल्ला लांबवला आणि आईला डोळ्यांनी दिसत नाही म्हणून दुसराच मखमलीवर बसवून दिला! पण हिशेब जुळेना. चोर नकली ठेवून अस्सल नेतो. तू तर तुझ्या कपाटातला अस्सल बिल्ला आम्हाला दिलास. मग नेलंस ते काय?

तेव्हा एकेक गोष्ट आठवत गेली. बिल्ला नेल्यापासून तू फोनवर भलतंच विचारू लागला होतास. युद्धात बाबा इंग्लंडात खरंच विमान चालवायचे की नुसतं पेट्रोल भरायचे, त्यांना उडताना पाहिलेलं कुणी हयात आहे का. सर्व संतांच्या दिवशी त्यांच्या थडग्यावर दिवा लावायलाही आला नाहीस. गुडघा दुखतोय म्हणालास, आणि त्याच रविवारी बाजारात तुझा गुडघा छान धावत होता, हे मला तुझ्या बायकोनेच, इर्मिनाने सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, देव तिचं भलं करो.

आईच्या वाढदिवशी खसखशीचा केक कापून झाल्यावर आईने बिल्ला हातात मागितला. मी टाळून पाहिलं. शेवटी चौकटीतून काढून दिला. तिने समोरून बोट फिरवलंच नाही, थेट पाठ चाचपली. मग तो टेबलावर ठेवून म्हणाली, “हा त्यांचा नाही. ब्रोन्या, ते लोक पुन्हा येऊन गेले का गं?” तेव्हापासून ती दाराला आतून खुर्ची लावून बसते. पोस्टमन आला तरी दचकते. बाबांना पकडून नेलं होतं तेव्हा ती अशीच बसायची.

काल पुन्हा इर्मिनाला फोन केला. ती सहज बोलून गेली की येत्या रविवारी तू एक गरुड ‘नक्कल’ अशी चिठ्ठी लावून विकायला नेणार आहेस, त्याची पाठ नुसती ओरबाडलेली आहे, आणि तो घरात आल्यापासून तू धड जेवत नाहीस. झेनेक, ते ऐकलं आणि मला सगळं उलगडलं. मी तुला चोर समजत होते आणि तू बाबांना खोटं समजत होतास. घराची लाज झाकायला तू स्वतःचा लाडका बिल्ला दिलास, हेही तेव्हाच कळलं. त्यासाठी मला तुझा राग येतो आणि मायाही येते.

म्हणून हे पत्र. तुझ्या जन्माआधी, युद्धानंतर इंग्लंडातून परतलेल्या वैमानिकांना आपल्याच सरकारचे पोलीस हेर म्हणून उचलत होते, तेव्हा बाबांनाही नेलं. झडतीत बिल्ला सापडला तर त्याच्या नंबरावरून माणसाचं नाव निघायचं. आईने त्याच दिवशी स्वयंपाकघरात बसून कानशीने तो नंबर घासून काढला. गरुड हलू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरला होता, चार वर्षांची असेन. बिल्ला फेकून द्यायचं तिच्या जिवावर आलं. पुढे सुटून आल्यावर बाबांनी तो मखमलीवर पक्का बसवला आणि घरात कुणी त्याची पाठ पाहिली नाही, विषयही काढला नाही. नंबर नाही तर बिल्ला खोटा, हा तुमच्या बाजाराचा नियम असेल. पण ते ओरखडे आईच्या हातचे आहेत. रविवारी बाजारात जाऊ नकोस. तो बिल्ला घेऊन इकडे ये आणि काही न बोलता तिच्या हातात ठेव, म्हणजे ती दारापासून उठेल.

वाट पाहणारी, तुझीच
ब्रोन्या