एटापल्लीच्या लग्नाची डिस्क

१८ एप्रिल

जिशान गेला एटापल्लीले, लग्नाच्या शूटिंगले. संगं दिव्यानी. एकाच गाडीत! सहा वर्षं झाली आमच्या लग्नाले, स्टुडिओचं एडिटिंग मीच करते, पण मले कवा बाहेर नेलं नाई. "तू इथी काउंटर पाह्य."

तिच्याजवळ ॲपलचा मॅक कम्प्यूटर आहे ना! आली दोन महिन्यांआधी स्टुडिओत कामाले, अन् साहेब तिच्याच टेबलापाशी.

२० एप्रिल

फोन लागत नाई. आग लागो त्या रेंजले!

२२ एप्रिल

आले. दोघंही उन्हानं काळे, अन् कायच्या तरी गोष्टीवर हसून राह्यले. विचारलं तं म्हणे, "तिथी असतीस तं समजलं असतं." असती तं! नेलं कोणं?

हार्ड डिस्क माझ्या हातात दिली. "लटारूभाऊच्या पोरीचं पूर्ण लग्न हाये यात. जपजो. कॅमेऱ्याची कार्डं खाली केली, उद्या दुसऱ्या घरच्या हळदीले लागतात."

२३ एप्रिल

दोघं पुन्हा संगंच गेले, हळदीले. मी डिस्क माझ्या विंडोजले लावली. कम्प्यूटर म्हणते – वापराची असंल तं आधी फॉरमॅट करा. काढून पुन्हा लावली. तेच!

म्हणजे कोरी. चार दिवस एटापल्लीत, अन् डिस्क कोरी! मंग तिथी शूटिंग कायचं करून राह्यले होते?

डोकं भणभणलं. दाबलं फॉरमॅट. 'क्विक'वरची टिकही काढली – होऊ दे पुरतं साफ! दुपारभर चाललं. मी भांडे आपटत राह्यली.

२४ एप्रिल

सकाळी दिव्यानी म्हणे, "शिरीनदीदी, ती डिस्क मॅकची हाये बरं. विंडोजले वाचता येत नाई. फॉरमॅट करा म्हणंल, पण दाबू नका."

या अल्ला.

२७ एप्रिल

नागपूरचा रिकव्हरीवाला म्हणे, काहीच नाई उरलं.

लटारूभाऊ काउंटरपाशी उभे होते. ओरडले असते तं बरं झालं असतं. "पोरगी सासरी गेली न भाऊ. आता लग्न पुन्हा लावाचं का?" जिशाननं मान खाली घातली. दिव्यानी म्हणाली, "माझी चूक हाये. दीदीले आधीच सांगाले पाह्यजे होतं." तो तिच्यावर भडकला, "उद्यापासून येऊ नको!"

मी म्हटलं, कोरी समजून दाबलं. काऊन कोरी समजली, ते नाई सांगितलं.

२८ एप्रिल

दिव्यानी हिशेब घ्यायले आली, जाता जाता डिस्क माझ्या हातात ठेवली. "एक्सफॅट करून देल्ली दीदी. आता मॅकवर चालते अन् तुमच्यावरही."

लावून पाहिली. लगेच उघडली. आता खरंच कोरी आहे.