पाय धुण्याचा रविवार आणि तुझ्या लेकीची गोष्ट

बेथेल क्रीक, जॉर्जिया
सोमवार, १६ ऑगस्ट १९५४

प्रिय ऑडेसा,

थोरलीचा प्रभूमध्ये सलाम. तुझ्या नवऱ्याचा खोकला आणि तुझे गुडघे आता बरे असतील अशी आशा करते. माझ्या गुडघ्यांचं पुढे येईलच.

डेल्फीनची गोष्ट मासिकात छापून आली म्हणून तू मोबील शहरभर मिरवते आहेस असं ऐकलं. मिरव बाई. पाप, पुण्य आणि तारण यांवर तेवीस वर्षांच्या पोरीने लिहायचं (जिला अजून धड बिस्किटं भाजता येत नाहीत), दिवसच तसे आलेत! गोष्टीतली बाई जाडी, देवभक्त आणि हिरव्या टोपीची आहे. टोपीचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण पाय धुण्याच्या रविवारी, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे देवळात शेजारणीने शेजारणीचे पाय धुवायचे त्या दिवशी, दारू गाळून तुरुंगात गेलेल्या माणसाची बायको शेजारी येऊन बसताच ही बाई उठून दुसऱ्या बाकावर जाते! गेल्या वर्षी ओझेला स्टब्स शेजारी बसल्यावर मी उठले होते, ते वाऱ्यासाठी. खिडकीपाशी वारा लागतो. माझ्याच घरची तळलेली कोंबडी खाऊन तुझी लेक मागच्या बाकावरून हे टिपत होती, हे मला काय ठाऊक? सैतानाला एक वेळ पाहुणा म्हणून ठेवून घ्यावं, गोष्टी लिहिणाऱ्या भाचीला नाही.

आता सगळ्या मंडळीने ती गोष्ट वाचली आहे. (एरवी यांना स्तोत्रसंहिता उघडायला सवड नसते.) म्हणून कालच्या पाय धुण्याच्या रविवारी सगळ्यांची तोंडं बंद करायचं मी ठरवलं. शनिवारीच पाय घासूनपुसून पावडर लावली, कारण आपल्याकडे धुवायला न्यायचे पाय घरून धुऊनच न्यावे लागतात, आणि सरळ जाऊन ओझेलाच्या शेजारी बसले. देवळातले सगळे कागदी पंखे हलायचे थांबले.

ओझेला आधी उठली, कमरेला पंचा बांधला आणि तिने माझे पाय धुतले. देवळाचा कारभार पाहणाऱ्या डीकनची बायको क्लिओरा गेली वीस वर्षं माझ्या पायांवर नुसते शिंतोडे उडवते. हिने बोटाबोटांतून धुतले, कुरुपाला धक्कासुद्धा लागू दिला नाही. माझे डोळे भरून आले. (उकाडाही फार होता.) मग माझी पाळी. मी घमेल्यापुढे गुडघे टेकले आणि तिने पाय बाकाखाली ओढून घेतले.

"राहू द्या बाई," ती हळूच म्हणाली, "मी तुमचे धुतले ते प्रभूसाठी. तुम्ही माझे धुणार ते त्या मासिकासाठी. उगीच पाणी कशाला खराब करायचं?"

एवढं बोलून तिने मोजे चढवले आणि चालती झाली. माज बघ तिचा! नवरा तुरुंगात, आणि मला प्रभू शिकवते! माझे गुडघे तर असे धरले की दोन डीकनांनी काखेत हात घालून मला उठवलं, त्यात टोपी घमेल्यात पडली. आता ती हिरवी उरलेली नाही, एवढाच काय तो फायदा.

तर डेल्फीनला बजाव: गोष्ट धादांत खोटी आहे, आणि तिने मावशीची लेखी माफी मागावी.

सगळ्यांना सतत क्षमा करणारी तुझी बहीण,
युफेमिया

ता. क. मासिकाची दुसरी प्रत पाठव. माझी मी चुलीत घातली. वरचा कागद जाड बांध, पोस्टमास्तरीण वाचते.

ता. क. दुसरा. माफीचं राहू दे. शेवटचं पान वाचायच्या आतच मी मासिक चुलीत टाकलं होतं. त्या बाईचं शेवटी काय केलं, एवढं डेल्फीनला सहज विचार. मी विचारलं म्हणून सांगू नकोस. तिला नरकात धाडली असेल तर मला काही कळवू नकोस. पण तिच्यासाठी एखादी वाट ठेवली असेल, तर उलट टपाली कळव. ओझेलाचे पाय अजून कोरडेच आहेत.