घराचा ताबा

२ मार्च
आईबाबा आज गेले. निवृत्तीनंतर तळ्याकाठी राहायचं हे त्यांचं जुनं खूळ. लोकांच्या घरातून मुलं निघून जातात, आमच्याकडे आईबाबा निघाले. मी अडवलं नाही. वय सत्तावीस, नोकरी आहे, घर आता माझ्या ताब्यात. जाताना आई गॅस, पाणी, कचरा असं काहीबाही सांगत होती. ऐकलं नाही, कारण मला माहीत आहे. संकल्प: सहाला उठणे. रोज घरचं जेवण. पसारा शून्य. पहिलं काम म्हणून घरातला प्रत्येक नळ घट्ट बंद केला. माझ्या राज्यात गळती चालणार नाही.

३ मार्च, सकाळी साडेनऊ
उठलो. पहिला दिवस धरायचा नसतो.

७ मार्च
वॉशिंग मशीन नुसतं गुरगुरतं. घाबरायचं कारण नाही. मी वॉशिंग मशीनच्याच हेल्पलाइनवर आहे, दिवसभर लोकांना हेच शिकवतो. मशीन हलवलं, थोपटलं, मागचं झाकण काढलं. आता झाकण बसत नाही. डिझाइनच चुकीचं.

९ मार्च
सुट्टी. शर्ट संपले. नाइलाजाने आमच्याच हेल्पलाइनला फोन केला, आवाज बदलून. नेमका शेजारच्या टेबलावरच्या मुलीने उचलला. मशीनमागचा नळ चालू आहे का, म्हणाली. म्हटलं, अर्थात. तरी गुपचूप जाऊन चालू केला. मशीन झकास चालतं. फोन ठेवताना ती म्हणाली, 'आणखी काही मदत हवी आहे का, सर? आणि उद्या येतोयस ना?'

१५ मार्च
बटाटे उकडायला ठेवून जरा पडलो. भांडं टाकून द्यावं लागलं. पातळच होतं. जळका वास आला म्हणून शेजारच्या काकू आल्या. आई कधी येणार, विचारू लागल्या. ठणकावून सांगितलं, आई आता येणार नाही. काकूंनी डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हापासून मजल्यावरचे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

१८ मार्च
रोज कोणी ना कोणी डबा आणून देतं. खुलासा करणार होतो, पण आधी जेवलो. घरचं जेवण हा संकल्प पार पडतो आहे. कोणाचं घर, हे कुठे ठरलं होतं?

२६ मार्च
आईचा फोन. कंटाळला असाल तर या परत, म्हटलं. ती म्हणाली, इतकं छान कधी वाटलं नव्हतं, बाबा पोहायला शिकतायत. मुलाशिवाय इतकं छान वाटणं बरं नव्हे. मोठ्या मनाने सोडून दिलं.

२ एप्रिल
स्वयंपाकघरातला नळ गळतो. प्लंबर आला. 'घरात मोठं कोणी आहे का?' म्हणाला. मीच, म्हटलं. त्याने बाबांचा नंबर मागितला. त्याला परत पाठवला. नळ गळतो आहे, पण अपमान गिळला नाही.

१२ एप्रिल
बाबांचा फोन. आई पायरीवरून घसरली, मनगट मोडलं, उद्या ऑपरेशन. बाबा फोनवर नेहमी सूचना देतात. आज म्हणाले, 'काय करायचं रे?' निघालो, एवढंच म्हटलं.

१३ एप्रिल, दवाखाना
ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाईंनी नातेवाइकांना बोलावलं. बाबा उठतील म्हणून मी थांबलो. बाबा माझ्याकडेच बघत होते. मग मी गेलो. प्लेट, स्क्रू, गोळ्या, व्यायाम, बाई बराच वेळ बोलल्या. मी गंभीरपणे मान हलवली. काही शंका, त्यांनी विचारलं. सगळं स्पष्ट आहे, म्हटलं.
बाहेर बाबांनी विचारलं, 'काय म्हणाल्या?' एक अक्षर आठवेना. आलोच, म्हणून आईकडे गेलो. बाईंनी तिलाही सगळं सांगितलं होतं. तिने पडल्या पडल्या मला नीट समजावलं. तेच मी बाबांना ठाम आवाजात सांगितलं. त्यांचे खांदे सैल पडले. 'तू आलास, बरं झालं,' म्हणाले. मला हे त्यांनी याआधी कधी म्हटलेलं नाही. रुमाल काढून नाक पुसलं. एसी फार होता.
बाबांना सगळं समजावलं, हे आईला सांगायला आत गेलो, तर म्हणाली, 'यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. घेऊन जा. आणि तूही खा.'
गेलो. काय मागवायचं ते मी ठरवलं. बिल बाबांनी दिलं.